कारण विचारण्याचा हक्क

“माझ्या नावामुळे मला नोकरी नाकारली,” असे एखादा तरुण सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, “पुरावा काय? तुझी पात्रताच कमी पडली असेल.” दुसरा म्हणतो, “पुरावा कशाला हवा? हे असेच चालते, आपल्याला ठाऊक नाही का?” आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. शाळा सोडून गेलेली मुले-मुली दाखल्यासाठी, साक्षांकित प्रतींसाठी आमच्याकडे परत येतात. त्यांच्या तोंडून ही तक्रार आम्ही ऐकतो आणि हे दोन्ही तटही आम्हाला शिक्षकांच्या खोलीतच ऐकायला मिळतात.

आम्हाला ही दोन्ही उत्तरे आळसाची वाटतात. पहिले उत्तर दुर्बळाकडे असा पुरावा मागते, जो त्याच्या हाती असूच शकत नाही. कोणाला बोलावले, कोणाला किती गुण दिले, कोणाची निवड झाली, हे सारे कागद मालकाच्या कपाटात असतात. दुसरे उत्तर चौकशीच नको म्हणते. चौकशी नको म्हटले की त्या मुलाच्या पदरात कडवटपणाशिवाय काही पडत नाही आणि मालकाच्या केसालाही धक्का लागत नाही.

अडचण खरी आहे. भेदभाव माणसाच्या मनात घडतो आणि मनाची झडती घेता येत नाही. मग एका माणसाने दुसऱ्याशी कामाच्या ठिकाणी भेदभाव केला की नाही, हे तिसऱ्याने ठरवायचे कसे? हा प्रश्न वकिलांचा आहे तेवढाच तो नीतीचा आहे. म्हणून एक प्रत्यक्ष घडलेला खटला समोर ठेवून आम्ही त्याचा विचार करणार आहोत.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. २००८ साली तिथल्या एका मुस्लिम तरुणीने ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कंपनीच्या कपड्यांच्या दुकानात विक्रेतीच्या नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखतीला ती डोक्यावर स्कार्फ बांधून गेली. मुलाखत घेणाऱ्या सहायक व्यवस्थापिकेने तिला तीन बाबींत मिळून सहा गुण दिले. एवढे गुण नोकरीसाठी पुरेसे होते. पण कंपनीचा पेहरावाबद्दल नियम होता आणि त्यात टोपी घालायला मनाई होती. स्कार्फ टोपीत मोडतो का, हे तिने वरिष्ठांना विचारले. ही मुलगी धर्मामुळे स्कार्फ बांधत असावी, असेही आपण सांगितल्याचे तिने पुढे साक्षीत म्हटले. वरिष्ठाने उत्तर दिले की डोक्यावर काहीही चालणार नाही, मग ते धर्मासाठी असो की नसो. त्या व्यवस्थापिकेच्या साक्षीनुसार ‘दिसणे’ या सदरातला एक गुण मागाहून कमी करण्यात आला. सहाचे पाच झाले आणि नोकरी गेली.

आम्हा शिक्षकांना ही गोष्ट चटकन समजते. उत्तरपत्रिका तीच, उत्तरे तीच, फक्त गुण मागाहून बदललेले. असे का झाले, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो की नाही?

त्या तरुणीला तो हक्क कायद्याने होता. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण नोकरीतल्या भेदभावाला मनाई करते. वंश, रंग, धर्म, लिंग आणि राष्ट्रीय मूळ ही त्यातली कारणे आहेत. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी मालकालाही हा कायदा लागू होतो. त्याच्या अंमलबजावणीसाठी समान रोजगार संधी आयोग आहे आणि तो १९६५ पासून काम करतो. तक्रार साधारणपणे १८० दिवसांत करावी लागते. राज्याचीही तशी यंत्रणा असेल तर ही मुदत ३०० दिवसांची होते. तक्रार करायला फी लागत नाही. तक्रार आल्यावर दहा दिवसांत मालकाला नोटीस जाते.

त्यापुढची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. दोन्ही पक्षांची तयारी असेल तर आधी मध्यस्थी होते. ती जमली नाही तर मालकाला आपली बाजू लेखी मांडावी लागते. तपास करणारा अधिकारी कागद मागवतो, साक्षीदारांशी बोलतो आणि तुलना करतो. त्याच जागेसाठी दुसरे कोण आले होते? त्यांना कोणते निकष लावले? ज्या चुकीसाठी याला काढले, तीच चूक दुसऱ्याने केली तेव्हा काय झाले? तपासात पुरेसे कारण आढळले तर आयोग तडजोडीचा प्रयत्न करतो आणि तीही फसली तर स्वतः खटला भरू शकतो. बहुतेक तक्रारींत आयोगाला पुरेसे कारण आढळत नाही. तरीही तक्रारदाराला एक पत्र मिळते आणि त्यानंतर नव्वद दिवसांत तो स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. म्हणजे तपास करणाऱ्याचा निष्कर्ष हा शेवटचा शब्द ठरत नाही.

न्यायालयात पुरावा कोणी द्यायचा, यासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली मॅक्डॉनेल डग्लस कंपनीच्या खटल्यात तीन पायऱ्या घालून दिल्या. पहिल्या पायरीवर तक्रारदाराने एवढेच दाखवायचे, की मी या गटातला आहे, मी पात्र होतो, मला नाकारले आणि जागा तशीच उघडी राहिली. दुसऱ्या पायरीवर मालकाने नाकारण्याचे रास्त कारण सांगायचे. तिसऱ्या पायरीवर तक्रारदाराला संधी मिळते, की सांगितलेले कारण खरे नसून केवळ निमित्त आहे हे त्याने दाखवावे.

या तीन पायऱ्यांत “तू वाईट माणूस आहेस का?” हा प्रश्न मालकाला कोणी विचारत नाही. त्याला विचारले जाते, “तुझे कारण काय आणि ते तू सर्वांना सारखेच लावतोस का?” मनाची झडती घेता येत नाही, पण कारण मागता येते आणि सांगितलेले कारण तपासता येते. आमच्या मते भेदभावाच्या तक्रारींचा सारा न्याय या एका गोष्टीवर उभा आहे.

टल्साच्या खटल्यातही प्रश्न इथेच येऊन अडला. तिच्या बाजूने आयोगाने दावा लावला. खालच्या न्यायालयात तिला वीस हजार डॉलर भरपाई मंजूर झाली. २०१३ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्याचे म्हणणे असे, की स्कार्फ धर्मासाठी आहे आणि मला सवलत हवी आहे, हे तिने स्वतः सांगितले नव्हते. मग कंपनीला ते कळणार कसे? १ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी अपील न्यायालयाचा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा, की मालकाला पक्के ठाऊक होते की नव्हते हा मुद्दाच नाही. धर्माला जागा द्यावी लागू नये म्हणून त्याने नाकारले असेल, तर नुसत्या शंकेवरून नाकारले तरी तो भेदभावच. “आम्हाला माहीत नव्हते” ही पळवाट बंद झाली. तडजोड होऊन कंपनीने पैसे दिले तेव्हा अर्जाला सात वर्षे झाली होती.

इथे एक आक्षेप आमच्याच मनात येतो. कर्माचे मोल नीयतीवर ठरते, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग नीयत बाजूला ठेवून कागदावरची कारणे तपासणारा न्याय अपुरा नाही का? याच अमेरिकेत १९७१ साली ड्यूक पॉवर या वीज कंपनीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले होते. कंपनीने कामगारांना शाळेचे प्रमाणपत्र आणि लेखी चाचणीची अट घातली होती. त्या अटीचा कामाशी संबंध नव्हता आणि तिच्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर राहत होते. न्यायालयाने सांगितले, की हेतू चांगला असला तरी अशी अट चालणार नाही. हे तत्त्व १९९१ साली कायद्याच्या मजकुरातच घातले गेले. एप्रिल २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी यंत्रणांना या तत्त्वाच्या अंमलबजावणीवर भर देऊ नये असा आदेश काढला. म्हणजे हा वाद तिथेही मिटलेला नाही. ज्याच्या मनात पाप नाही त्याला दोषी का ठरवायचे, असे विचारणारे लोक सर्वत्र आहेत.

आमचे उत्तर असे आहे. नीयतीचा हिशेब माणसाच्या न्यायालयाचा नव्हे, त्याचा न्यायाधीश वेगळा आहे. माणसाच्या न्यायालयाने आपले काम लहान ठेवावे, यात नम्रता आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत गुण कमी पडले तर विद्यार्थी मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागतो. परीक्षकाने सर्व मुलांवर सारखे प्रेम करतो अशी शपथ घ्यावी, असे कोणी म्हणत नाही. त्याने प्रत्येक उत्तराला दिलेला गुण दाखवावा, एवढेच अपेक्षित असते. प्रेमाची सक्ती करता येत नाही, हिशेबाची करता येते. आणि मनात पाप नसलेल्या मालकाला तर हिशेब दाखवण्याची भीती असण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आरोप झालेल्या माणसालाही अब्रू असते. पण चौकशीची नीट पद्धत असते ती दोघांसाठी. नोटीस, लेखी उत्तर, कागद पाहण्याची संधी, उलटतपासणी आणि कारणांसह निर्णय यांचा निर्दोष माणसाला जेवढा आधार असतो, तेवढा कशाचाच नसतो. आपल्याकडे कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. १९९७ च्या विशाखा निकालातून तो आला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती, तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि बाहेरचा एक सदस्य, अशी त्याची रचना आहे. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. त्यात जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. पण केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी मानायची नाही, असेही त्याच कलमात लिहिले आहे. सिद्ध न होणे आणि खोटे असणे यांतला हा फरक आपल्या समाजाने पाठ करून ठेवावा, इतका मोलाचा आहे.

आता धर्म आणि जात यांच्या भेदभावाकडे वळू. सरकारी नोकरीत संविधानाचे कलम १६ आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही आणि तसे झाले तर न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालयाचे दार ठोठावता येते. खाजगी क्षेत्रात अपंग, एचआयव्हीबाधित आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी २०१६, २०१७ आणि २०१९ चे कायदे आहेत. समान वेतनाचे तत्त्व १९७६ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते वेतन संहितेत आले आहे. मात्र खाजगी मालकाने धर्म किंवा जात पाहून अर्ज बाजूला टाकला, तर त्याची चौकशी करणारा सर्वंकष कायदा आजही देशात नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे एक प्रयोग केला. वर्तमानपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांचा. २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू नावाला अनुकूल उत्तर मिळण्याची शक्यता एक धरली, तर दलित नावाच्या बाबतीत ती सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या बाबतीत एक-तृतीयांश निघाली. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ साली त्याचा आराखडाही दिला. पुढे शशी थरूर यांनी भेदभावविरोधी विधेयक खासगी सदस्य म्हणून लोकसभेत मांडले. आयोग झाला नाही आणि विधेयकाचा कायदाही झाला नाही.

२०१५ साली मुंबईत एका हिरे निर्यात कंपनीने एका तरुण पदवीधराला ई-मेलने कळवले, की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. बातमी देशभर गाजली. तो मेल मनुष्यबळ विभागातल्या शिकाऊ कर्मचाऱ्याच्या चुकीने गेला, असा खुलासा कंपनीने केला. पोलिसांनी भारतीय दंड संहितेखाली गुन्हा नोंदवला. त्या प्रकरणात सर्वांनी संताप व्यक्त केला, पण आम्हाला त्यातली वेगळीच गोष्ट खटकते. गुन्हा नोंदवता आला तो कारण लेखी दिले म्हणून. उत्तरच दिले नसते, किंवा “जागा भरली आहे” एवढेच लिहिले असते, तर कोणत्याही पोलीस ठाण्यात काही नोंदवता आले नसते. फौजदारी कायद्याला मनातले पाप उघड बोलणारा माणूस लागतो. जो गप्प राहतो तो सुटतो. म्हणून तुरुंगाची भाषा करण्यापेक्षा कारण देण्याची सक्ती करणारा दिवाणी कायदा अधिक उपयोगाचा ठरेल, असे आमचे मत आहे.

आणि ही सक्ती फक्त दुसऱ्यांवर असावी, असे म्हणून चालणार नाही. आमच्या समाजाच्या शिक्षणसंस्थांत नेमणुका कशा होतात? जाहिरात निघण्याआधीच नाव ठरलेले असते, हे कोणाला ठाऊक नाही? बिरादरी पाहिली जाते, गाव पाहिले जाते, विश्वस्तांचे नाते पाहिले जाते. लग्न ठरलेल्या मुलीला “तू टिकणार नाहीस” म्हणून परत पाठवले जाते. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क दिला. तो कारण न देण्याचा परवाना नव्हे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे. कायम शिक्षकाला काढायचे तर तीन जणांची चौकशी समिती बसवावी लागते. एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक त्या शिक्षकाने निवडलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. बडतर्फी झाली किंवा बढतीत डावलले तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. नोकरीच्या आत असलेल्याला हे संरक्षण आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या उमेदवाराला मात्र आमच्या संस्थाही कारण सांगत नाहीत. जे आपण मागतो ते आधी आपल्या घरात द्यायला हवे.

शेवटचा प्रश्न निकाल लागण्याचा. तक्रार मिटली म्हणजे काय होते? १९७९ साली सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेतल्या अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बढती नाकारण्यात स्त्री असण्याचा संबंध आहे, अशी त्यांची तक्रार होती. स्त्री अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम तेव्हा होता. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली आणि याचिका निकाली निघाली. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेवढ्यावर न थांबता सेवेचे नियम तपासून भेदभाव काढून टाकण्याची गरज सरकारला सुनावली. एका माणसाचे समाधान करून तक्रार मिटवता येते. पण ज्या नियमामुळे ती उद्भवली तो तसाच राहिला, तर पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तडजोड चांगलीच, मात्र तिच्यात तोंड बंद ठेवण्याची किंमत धरलेली असेल तर समाजाला त्यातून काही मिळत नाही.

तक्रार करणारा हा सारा भार एकटा उचलतो. वर्षे जातात, नवा मालक त्याला वादग्रस्त समजतो, घरचे लोक “सब्र कर” म्हणतात. सब्र म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे, रस्ता लांबचा असला तरी तो न सोडणे, असा अर्थ आम्ही लावतो. काही कर्तव्ये अशी असतात, की एकाने पार पाडली तर सर्वांच्या डोक्यावरचा भार उतरतो. आपल्याकडे त्याला फर्ज-ए-किफाया म्हणतात. तक्रार करणे हे त्या जातीचे काम आहे. ज्यांचा भार उतरतो त्यांचेही मग काही देणे लागते. अमेरिकी कायद्यात तक्रारदारावर आणि साक्षीदारावरही सूड उगवायला वेगळी मनाई आहे आणि सूड उगवल्याच्या तक्रारी तिथे कित्येक वर्षे संख्येने सर्वांत पुढे आहेत. शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी खरे बोलेल की मान खाली घालेल, यावर बहुतेक चौकशांचा निकाल अवलंबून असतो.

आम्ही मुलांना अर्ज कसा लिहावा हे शिकवतो. त्यासोबत अर्जाची प्रत ठेवावी, तारीख टिपावी, तोंडी उत्तर मिळाले तर ते त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि नकार मिळाला तर अदबीने लेखी कारण मागावे, हेही शिकवायला हवे. कारण मिळेलच असे नाही. तसा कायदा होईपर्यंत बहुधा मिळणार नाही. पण कारण मागण्याची सवय असलेला माणूस “सगळे आपल्या विरुद्धच आहेत” असे म्हणून हातपाय गाळून बसत नाही आणि “माझ्यातच काही कमी असेल” म्हणून खचतही नाही. कारण कळले तर आपली उणीव असेल तिथे ती भरून काढता येते आणि समोरच्याचा अन्याय असेल तिथे त्याच्याशी भांडता येते. कारण कळलेच नाही, तर आयुष्यभर नुसता अंदाज करत राहावे लागते. एखाद्या तरुण पिढीला अशा अंदाजावर जगायला लावणे, हाही एक अन्यायच आहे आणि त्याची तक्रार घेणारे कार्यालय अजून उघडायचे आहे.